होडीचे नाव आणि कागदावरची तारीख

मी, रुचिता मेहुल पागधरे, वय ३१ वर्षे, खाजगी कंपनीत पॅकिंग विभागात नोकरी, राहणार दांडी, ता. जि. पालघर, माहेर उमरोळी. आज दि. ६/१०/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी सासू हिरा यांच्यासह राहते. माझे पती मेहुल हे दि. ३/९/२०२५ रोजी हृदयविकाराने मयत झाले. त्याबाबत माझी तक्रार नाही.

आमचे लग्न दि. २४/४/२०२२ रोजी झाले. लग्न ठरताना मेहुल यांनी स्वतः सांगितले होते की, होडीच्या इंजिनासाठी मच्छीमार सोसायटीचे एक लाख ऐंशी हजार देणे आहे, दुसरे काही नाही. ते कर्ज आम्ही दोघांनी मिळून मार्च २०२४ मध्ये फेडले. पावत्या सोबत देत आहे.

दि. २८/९/२०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास माझे चुलत दीर दिपेश हे एक रेघी कागद घेऊन घरी आले. त्यात मेहुल यांनी दिपेशकडून तीन लाख रुपये उसने घेतले, न फेडल्यास 'रुचिता' ही होडी दिपेशची, असा मजकूर होता. खाली मेहुल यांची सही व तारीख १२/११/२०२० होती.

मी हे कधी ऐकले नाही असे म्हणाले. दिपेश म्हणाले, "वहिनी, तुमी घरात यायच्या आदीचं हाय. तुमाला कसं ठाव असनार?"

मी कागद पुन्हा वाचायला सांगितला. त्यांनी वाचला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दिपेश, तवा होडीवर माजं नाव होतं रं. ही आली नि माजं नाव पुसलं."

"काकी, तू गप ऱ्हा. तुला तारखा काय कलतात?"

"माजं नाव कवा पुसलं ते मला नाय कलनार, तं कोनाला कलनार?"

दिपेश कागद घडी करून निघून गेले. त्याआधी मी मोबाईलवर फोटो काढला होता.

माझे माहेरचे नाव हेमाली. रुचिता हे नाव मेहुल यांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले. तोपर्यंत ते कोणालाच माहीत नव्हते, मलाही नाही. त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांनी ते होडीवर रंगवले. होडीच्या परवान्यातील नावबदलाची प्रत जोडली आहे. म्हणून तो कागद २०२० सालचा असू शकत नाही.

काल दि. ५/१०/२०२५ रोजी सकाळी दिपेश यांनी किनाऱ्यावर आमच्या होडीला स्वतःची साखळी व कुलूप लावले. म्हणून तक्रार देण्यास आले आहे.

विचारल्यावरून सांगते की, कागदावरील सही मेहुल यांचीच आहे. पागधरेमधला 'ध' ते असाच अर्धवट सोडत. त्यांनी तो कागद लग्नानंतर कधी लिहिला व मागची तारीख का घातली, हे मला माहीत नाही. तीन लाख रुपये घरात आलेले मी पाहिले नाहीत. त्यांनी आपणहून लिहिले की त्यांच्याकडून लिहून घेतले, याचा तपास व्हावा. पैसे खरोखर घेतलेले निघाले तर मी हप्त्याने देईन. होडी देणार नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. सहीबद्दलचे वाक्य ठेवायचे का, असे मला विचारण्यात आले. ठेवावे, असे मी सांगितले. सर्व मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.