कोरसातले मामा

सावेडीच्या घरी आमचा पहिला कॉम्प्युटर आला, नव्व्याण्णव साल असेल, तेव्हाची गंमत ऐका. मामांच्या भीमगीतांच्या मंडळाची सीडी निघाली होती आणि मामा त्यात कोरसला होते. मी म्हणालो, "मामा, हिची एमपीथ्री करून देतो. एका सीडीत दहा सीडींची गाणी मावतात."

"एवढी बसत्यात कशी?"

"कानाला ऐकू न येणारे आवाज कॉम्प्युटर काढून टाकतो."

मामांचा चेहराच पडला. "मंग पयला माझाच जाईल. मी लई मागं हुबा हुतो."

तरी केली, लावली. मामी स्पीकरला कान लावून बसली आणि मामा तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हाय, तुमचा आवाज हाय," मामी म्हणाली. "बाकीचे सगळे सुरात गात्यात, त्यात तुमी झाकून ऱ्हाणार व्हय?"