मागची सीट

मुरबाड स्टँडवर वैशाखऱ्याच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर एक मायलेक फोनमधले फोटो बघत होते.

"आये, ही बघ चार चाकांची बाईक. डोंगरातल्या पायवाटेनं पण चढते."

"बसायला एकच जागा दिसते."

"मला एकट्यालाच फिरायचंय ना! हलकी असली का पळते."

"तुझ्या मनालीला कितवा महिना लागला रे?"

"सातवा."

"वस्तीवर गाडी येत नाय. कळा आल्या का तिला खाली दवाखान्यात कशी नेशील?"

"डोलीत. खांदा द्यायला पोरं हायेत."

"ती लांब सीटवाली कसली?"

"ती दोघांची. जड हाय, पळत नाय."

"तीच घे. पोटुशी बाय घेऊन पळवायची थोडीच हाय?"

"बरं. मग डोलीचा बांबू काकडीच्या मांडवाला घेतो."

"हात नको लावू त्याला. पेट्रोल संपलं तर?"