आईच्या हातात रिमोट

विक्रेता : ...आणि हे डावीकडचं जरा नवं मॉडेल आहे, ताई. दोन्ही बत्तीस इंची, किमतीही जवळपास सारख्याच. ह्याचं चित्र जास्त स्वच्छ, उजवीकडच्याचा आवाज दणदणीत. बाकी कंपन्या काहीही सांगोत, घरात बातम्या-मालिका बघायला दोन्ही उत्तम.

मुलगी : आवाजाचं एवढं नाही. आई एकटीच असते आता. चित्र चांगलं हवं. आई, इकडे ये ना, समोरून बघ.

आई : दिसतंय मला इथून.

मुलगी : खांबाला टेकून तिरकी उभी आहेस तू.

आई : मी तिरकंच बघते. समोर ह्यांची खुर्ची, मी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत. तीस वर्षांत मानेला तेच वळण पडलंय. सरळ बघितलं तर दुखेल.

विक्रेता : मग मावशी, तुम्हाला उजवीकडचा बरा. डावीकडचा समोरून झकास, पण बाजूनं बघितलं की फिका पडतो. त्या पडद्यावरच्या बाईचा स्वेटर बघा. इथून लालभडक, तुमच्या तिथून दहा वेळा धुतलेला.

मुलगी : पण आता दारात कशाला बसायचं? खुर्ची मोकळीच आहे की... मला तसं म्हणायचं नव्हतं.

आई : म्हणालीस ते खरंच आहे. मोकळीच आहे.

विक्रेता : काका नाही आले बरोबर?

मुलगी : बाबा गेले. दोन महिने झाले.

विक्रेता : अरेरे. माफ करा हं, मावशी.

आई : तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही थोडेच नेलंत.

विक्रेता : जुना टीव्ही बिघडला म्हणालात ना? काय झालं त्याला?

मुलगी : जळका वास आला म्हणे. मेकॅनिक येऊन बघून गेला. आतला बोर्ड गेलाय.

विक्रेता : कुठला? पॉवरचा की मेन? पॉवरचा असला तर फारसा खर्च नाही. उगाच नवा कशाला घेता?

आई : तेवढं नाही सांगितलं त्यानं.

विक्रेता : कोण होता? इथले सगळे ओळखीचे आहेत माझ्या. विचारतो ना फोन करून.

आई : लांबचा होता. तुम्ही नका त्रास घेऊ.

विक्रेता : बरं. मग हा घ्या रिमोट. तुम्हीच लावून बघा दोन चॅनलं.

आई : तिच्याकडे द्या.

मुलगी : माझ्याकडे काय? तुला वापरायचाय.

आई : शिकेन मी सावकाश.

मुलगी : शिकेन? आपल्याकडे मी शाळेत असल्यापासून टीव्ही आहे, आई.

आई : टीव्ही आहे. रिमोट ह्यांच्याकडे असायचा.

मुलगी : ते संध्याकाळी. एरवी?

आई : एरवीही. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या मावशीचा फोन आला होता, म्हणून आवाज कमी करायला गेले आणि भलतंच काहीतरी दाबलं गेलं. सगळी चॅनलं गायब. चार दिवस नुसत्या मुंग्या. हे म्हणाले, तू पुन्हा हात लावू नकोस. मी म्हटलं, बरं. नाही लावत.

मुलगी : आणि अकरा वर्षं लावला नाहीस?

आई : शब्द दिला होता.

मुलगी : ह्याला शब्द नाही म्हणत, हट्ट म्हणतात.

आई : काहीही म्हण. मध्ये दोनदा स्वतःहून म्हणाले, घे, तुला हवं ते लाव. रिमोट माझ्या मांडीवर आणून ठेवला. मी म्हटलं, नको बाई, मला काय कळतंय त्यातलं.

मुलगी : धन्य आहे. दोघांचीही.

विक्रेता : आमच्याकडे उलटं आहे. मी दुकानात दिवसभर रिमोट दाबतो, घरी दिसतसुद्धा नाही मला तो.

मुलगी : थांबा जरा. आई, मग बाबा गेल्यापासून टीव्ही कोणी लावला?

आई : कोणीच नाही.

मुलगी : तो बिघडला कधी? आई, मेकॅनिक आला होता का?

आई : नाही.

मुलगी : आणि जळका वास?

आई : वास आला होता. दूध उतू गेलं होतं त्या दिवशी. अगदीच खोटं नाही बोलले मी.

मुलगी : म्हणजे टीव्ही चालू आहे!

आई : असावा. मला लावता येत नाही, एवढंच.

मुलगी : अगं, शेजारच्या काकूंनी तीनदा फोन केला मला. म्हणाल्या, तुझी आई संध्याकाळभर काळ्या पडद्यासमोर बसून असते. हाक मारली तर ओ देत नाही. मी हातातलं काम टाकून आले. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुला न सांगता.

आई : कसले डॉक्टर?

मुलगी : मनाचे.

आई : मन ठीक आहे माझं. बोटं चुकतात. दोन रिमोट आहेत गं त्याला! हे आधी भिंतीवरचं बटण लावायचे. मग खालच्या केबलच्या डब्याचं. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचे. मग मोठा रिमोट. आणि मग छोट्यावरचं एक बटण तीनदा की चारदा. मी पाठमोरी असायचे, आवाज नुसता कानावर पडायचा. तीनदा की चारदा, तेवढं काही केल्या आठवेना. रोज बसून थोडं थोडं दाबून बघत होते. मध्येच ओ दिली की आकडा चुकायचा.

मुलगी : पण हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?

आई : ते कोण बघायला आहे आता, असं म्हणून लावला. पण चोरी केल्यासारखं वाटायचं. परवा एकदम निळा पडदा आला.

मुलगी : मग?

आई : मग काय, दचकून बंद केला. पण बरं वाटलं.

मुलगी : मला विचारायचंस. एका फोनचं काम होतं.

आई : काय विचारायचं? नवऱ्याला जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि बाई विचारते, टीव्ही कसा लावू. तू काय म्हणाली असतीस?

मुलगी : सांगितलं असतं.

आई : आधी रडली असतीस.

(मुलगी शेजारच्या स्टुलावर बसते. ती हसते आहे की आणखी काही, हे विक्रेत्याला ठरवता येत नाही. तो पाण्याची बाटली पुढे करतो.)

मुलगी : नको, थँक्यू. ठीक आहे मी. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ठीक आहे. मला वाटलं होतं, आई, तूही हळूहळू त्यांच्या मागे चालली आहेस.

आई : मागे जायला ते काय भाजीला गेलेत?

मुलगी : असं बोलू नकोस.

आई : मग कसं बोलू? रडू येतं मला. सकाळी येतं. वर्तमानपत्र घडीचं घडीच पडून राहतं, त्याचं काय करावं सुचत नाही. पण संध्याकाळी मला टीव्ही बघायचा असतो.

मुलगी : मी तुला माझ्याकडे घेऊन जायचं ठरवून आले होते. औषधांची पिशवीसुद्धा भरून ठेवली सकाळी.

आई : पाहिली मी. सकाळची गोळी रात्रीच्या डबीत घातलीयस. तुझ्याबरोबर आले असते तर तिथेच आटोपले असते.

विक्रेता : एक विचारू का? म्हणजे घरचा टीव्ही धडधाकट आहे.

आई : अगदी.

विक्रेता : मग मावशी, माझं नुकसान होईल, पण खरं सांगतो, नवा घेऊ नका. ताई एका कागदावर लिहून देतील, कुठलं बटण किती वेळा.

मुलगी : देते ना. मोठ्या अक्षरात. चल आई, घरी जाऊ.

आई : नको.

मुलगी : का गं?

आई : तो ह्यांचा आहे. चॅनलंही ह्यांनी ओळीनं लावून ठेवलीत. एक नंबर बातम्या, दोन नंबर बातम्या, तीन कुस्ती, चार पुन्हा बातम्या. तो तसाच राहू दे आतल्या खोलीत. त्याला हात लावायचा नाही, ठरलंय. ह्या नव्याला मी कुठे शब्द दिलाय?

विक्रेता : हे मात्र पटलं.

मुलगी : तुम्हाला पटणारच.

विक्रेता : मग कुठला काढू? चित्र की आवाज?

आई : उजवीकडचा. नळ चालू असतो, भांडी वाजतात, त्यातून ऐकू यायला हवं. आणि बाजूनं नीट दिसायला हवं.

मुलगी : खुर्चीत नाही बसणार?

आई : बसेन. घाई काय आहे? एकच रिमोट ना हो ह्याला?

विक्रेता : घरी डबा जोडलात तर दुसरा येणारच. पण दोन्हींचं काम ह्या एकावर लावून देतो मी स्वतः येऊन. हे लाल बटण, हे पुढे, हे मागे. बाकीची बटणं आहेत हे विसरून जा.

आई : आणा इकडे. हे?

विक्रेता : हं. दाबा. जोरात नको. बघा, बदललं.

आई : बातम्या.

मुलगी : पुढे जा मग. तुला काय बघायला आवडतं?

आई : मला कसं माहीत असणार? ह्यांना काय आवडतं ते माहीत आहे. हे काय, कुस्ती. पुढे. ही बाई कशाला ओरडतेय एवढी? पुढे. हे?

विक्रेता : हे गाण्यांचं.

आई : ऐकायचं असतं ते. पुढे. हा माणूस काय करतोय?

मुलगी : होडी बांधतोय बहुतेक. आई, मी बाहेर जाऊन डॉक्टरांकडे फोन करते. उद्या येत नाही म्हणून सांगते.

आई : सांग. फळी वाफेवर धरली त्यानं. अशी वाकते होय!

मुलगी : आणि मग मी रविवारी निघते. एकटीच.

आई : नीघ. पण ती गोळ्यांची पिशवी आधी मला नीट लावू दे. अगं, मोडेल ती, किती वाकवतोय.

विक्रेता : नाही मोडत, मावशी. मी बघितलाय हा कार्यक्रम. मग गोदामातून नवा खोका आणून पॅक करायला घेऊ का?

आई : थांबा हो जरा. आत्ता कुठे होडी पाण्यात सोडतायत.