नोंदताईंची शेवटची नोंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, वाचनालयाच्या नोंदी सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या नोंदताई, आणि ‘पुस्तक बाहेर गेलंय’ हे ऐकून ऐकून कान किटलेल्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो!

पुस्तक बाहेर गेलंय. कुणाकडे? कुणालाच पत्ता नाही. त्यातच वाचनालयाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी बंद पडली आणि जाताना आपल्या नोंदींना कुलूप लावून गेली. माहिती आपली आणि आपणच दाराबाहेर! हा अन्याय नव्हे तर काय?

तेव्हा ताईंनी इंटरनेटवरून नोंदी ठेवायचा मुक्त डेटाबेस उतरवून घेतला. मुक्त म्हणजे नुसता फुकट नव्हे. त्याची घडण कशी आहे हे कुणीही आत डोकावून पाहावं, दुरुस्ती करावी, असा. पहिली आज्ञा लिहून ताई अर्धा तास हाताची घडी घालून बसल्या. “विचार करतंय,” म्हणाल्या. आज्ञा संपली हे सांगणारा अखेरचा अर्धविराम राहिला होता. ते बिचारं यंत्र ताईंचं बोलणं संपायची वाट पाहत होतं. आत्ता तुम्ही माझं पाहताय, तसंच.

मग तक्ते झाले: सभासदांचा, पुस्तकांचा, देवघेवीचा. आणि ताईंनी नियम घातला, सभासदांच्या तक्त्यात जो नाही, त्याच्या नावावर पुस्तक चढणार नाही.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्ष महोदय, आपण आलात.

“ताई, ही कादंबरी नावावर चढवा.”

“चढत नाही, साहेब. तुम्ही नाही आहात.”

“अहो, समोर उभा आहे मी!”

“समोर आहात. तक्त्यात नाही.”

अकरा वर्षं अध्यक्ष. सभासदत्वाचा अर्ज मात्र भरलाच नव्हता! बिनविरोध निवडताना आपल्यापैकीही कुणी विचारलं नाही. मग शोधाशोध केली, तर साहेबांच्या कपाटात वाचनालयाची बत्तीस पुस्तकं निघाली. हसताय काय? तुमचीच ती, बाहेर गेलेली!

पण साहेबांनी अर्ज भरला नाही. उलट, ‘हा नियम काढून टाकावा’ असा ठराव आज संध्याकाळी कार्यकारिणीपुढे आहे. सकाळी ताई मला म्हणाल्या, “भाऊ, माझं कौतुक राहू द्या. माझा नियम तेवढा वाचवा.” एका माणसासाठी तो सैल केलात, की उद्या पुन्हा ‘पुस्तक बाहेर गेलंय’ सुरू!

आपण माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ जास्त चालली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

अध्यक्ष महोदय, हा अर्ज, हे पेन. ताईंची सुट्टी व्हायला वीस मिनिटं आहेत. त्यांची शेवटची नोंद आपली असू द्या. इथे सही करा.