साइट मंगळवारी का पडायची नाही

अध्यक्ष राजारामभाऊ, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आमच्या परळच्या स्वयंपाकघरातल्या समस्त बायका, आणि जिला निरोप द्यायला जमलो ती आपली नूपुर, सगळ्यांना नमस्कार.

पाहुण्यांनी आत्ता नूपुरला देवी म्हटलं. देवी वगैरे काही नाही हो, हट्टी कार्टी आहे. देवी असती तर नारळ फोडून आपण मोकळे झालो असतो.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. इथल्या इस्पितळांत बाहेरगावचे रोगी येतात, त्यांच्यासाठी आम्ही पथ्याचं रांधतो. पूर्वी मागणी फोनवर घ्यायचो. आता आसामची एक बाई, नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, तिला ना मराठी ना धड हिंदी. ती काय बोलणार आणि आमची कमल काय समजणार? कमलने तिला एकदा मटकीची उसळ पाठवली. म्हणून नूपुरने साइट केली. वाटीचं चित्र दिसतं, त्यावर बोट लावलं की पातळ पेज पोचते. बोलायचं कामच नाही.

मग ती साइट अधूनमधून पडायला लागली. ‘सेवा सध्या उपलब्ध नाही.’ थोड्या वेळाने आपली आपण चालू. कायमची मेली असती तर रडून पुढे गेलो असतो. हिचं म्हणजे डॉक्टर दारात आला की म्हातारी ठणठणीत. नूपुर ऑफिसातून रीस्टार्ट करायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. एके दिवशी आसामच्या बाईची मागणी आली नाही. आम्हाला वाटलं, नको असेल. तिचा नवरा उपाशी राहिला.

राजारामभाऊ बैठकीत म्हणाले, साइट बंद करा, फोनच बरा. भाऊ, मान खाली घालू नका, तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या बाईने फोनवर कुठल्या भाषेत पेज मागायची, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. नूपुरने आठवड्याची मुदत मागून घेतली.

तिने रजा टाकली आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. साइट पडली. बायका म्हणाल्या, अगो, आधी चालू कर, मग काय ते शोध.

ती म्हणाली, “नाही करणार. चालू केली की कारण पळून जातं. पडलेली असतानाच मला बघायचीय.”

मला पटलं. घरात उंदीर मेल्यावर उदबत्ती लावून भागतं का? पण तोवर कुणी उपाशी राहून चालणार नव्हतं. वाट्यांची चित्रं कागदावर छापून घेतली आणि आमच्या वैदेहीला घेऊन मी इस्पितळाच्या फाटकात उभी राहिले. ज्याने बोट लावलं, त्याला ते दिलं.

इकडे नूपुरला जुन्या नोंदींत दिसलं की मंगळवारी साइट कधीच पडत नाही. कमल म्हणाली, बाप्पाची कृपा. नूपुरने विचारलं, मंगळवारी सकाळी इथे कोण नसतं? अर्ध्या बायका नसतात. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत असतात.

मग बाकीचे दिवस त्या इथे काय करतात? तर कुणाच्या पदार्थाला किती मागणी, हे साइटवर दिसायचं. बायकांना उत्तेजन म्हणून अध्यक्षांनीच ते घालायला लावलं होतं. कमलची खिचडी पुढे की वैदेहीचा दुधी, हे बघायला प्रत्येकीचा फोन ओट्यावर उघडा. आणि उघडा फोन गप्प बसत नाही, सारखा सर्व्हरला विचारतो, किती झाले, किती झाले. सर्व्हर म्हणजे खिडकीवरचा वाढपी समजा. त्याला हात मोजके, आणि ते सगळे आमचे आकडे सांगण्यात गुंतलेले. रोग्याचं माणूस आलं की खिडकी बंद. बंद पडली म्हटल्यावर आम्ही आणखी जोरात बोटं दाबायचो. रीस्टार्टने सगळ्याजणी बाहेर फेकल्या जायच्या, पण हळूहळू परत घुसायच्या.

नूपुर एवढंच म्हणाली, “आजी, साइट बाहेरच्या कुणी पाडली नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून पाडली.”

कमल उगाच कढई ढवळत राहिली.

आकडे काढले, साइट चालली. आसामच्या बाईची पेज रोज वेळेवर गेली, तिचा नवरा स्वतःच्या पायांनी गावी गेला. त्याच्या खाटेवर आता दुसरं कुणीतरी आहे.

पण आज दुपारी एक बाई, नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत हिरव्या साडीत बसलीय, मला म्हणाली, नूपुर नोकरीला बंगळुरूला गेली की आकडे परत लावून घेऊ. राजारामभाऊ शेजारीच होते, त्यांनी मान डोलावली. म्हणून मी भाषणाला उभी राहिले, नाहीतर मला हौस नाही. आकडे परत येणार नाहीत. आपली खिचडी कशी झाली हे जिला बघायचंय, तिने इस्पितळातून परत आलेले डबे उघडून किती उरलंय ते बघावं. राजारामभाऊ, इथेच, माइकवर हो म्हणा. मी थांबते.

म्हणाले. ऐकलंत सगळ्यांनी.

नूपुर, तू आता बिनघोर जा. आपल्या स्वयंपाकघरातल्या रुपालीला तू साइटचं सगळं शिकवलंयस. पुन्हा पडली तर ती आधी कारण शोधेल, आणि मी कागद घेऊन फाटकात उभी असेन.

हॉल देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे आभार. बोलताना कुणाला लागलं असेल तर या म्हातारीला माफ करा. हिरव्या साडीवालीने नाही केलं तरी चालेल, तिला लागावं म्हणूनच बोलले.