सुपात उरलेलं पान

मेहकरच्या दवाखान्यात धम्मरत्न आपल्या नंबराची वाट पाहत बसला होता. शेजारी सासू-सून बसल्या होत्या. म्हातारीचा पोरगा आत सलाईनवर होता.

"कालपासून हवेतल्या मुंग्या वेचून राह्यला माहा कडूबा. काय घातलं व तू भाजीत?"

"मीठ-मिरची."

"मग तू काऊन नाही खाल्ली?"

"माही चतुर्थी होती, आत्याबाई."

"बरी सापडली तुले चतुर्थी!"

"तुम्ही तरी कुठं खाल्ली?"

"मूठभर तं होती. पोराच्या पोटात जावी म्हणून ठेवली. माह्यावरच शक घेतं व?"

"वावराच्या धुऱ्यावरून भाजी कोणी आणली?"

"मी आणली. माठ कसा असते, ते तू शिकवशीन मले? निवडून चिरलाही मीच. चुलीवर टाकला तो तू."

"डॉक्टरनं पान आणाले सांगतलं होतं. तुमच्या सुपात उरलं होतं, तेच आणलं."

"दाखव. बदललं तं नाही नं?"

म्हातारीनं पान डोळ्याला पार चिकटवलं, बोटांनी चाचपलं आणि धम्मरत्नच्या हातावर ठेवलं.

"माठच हाये, माह्या हातचा. भाऊ, तुम्ही साक्षीले राहा, नाही तं हे डॉक्टरपुढं पलटीन. सांगा, माठच हाये नं?"

धम्मरत्नच्या हातावर धोत्र्याचं पान होतं. त्यानं मान वर केली. म्हातारीच्या पाठीमागून सून त्याला हात जोडत होती.

"त्यायले काऊन तरास देता, आत्याबाई? द्या भाऊ ते पान. डॉक्टरले मी सांगतो, चूक माहीच झाली म्हणून."

"पाहा भाऊ! शेवटी आली नं कबुलीवर!"