तळायचा झाडू

अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बचत गटातल्या दोघी बसल्या होत्या.

"हर्षा, वेबसाईटवर आपला माल काऊन असा दिसून राहिला?"

"शामकलाकाकू, सगळा माल एकाच शीटनं चढवला. नावं तेवढी क-ख-ग परमानं लावली, माहिती जागच्या जागीच राह्यली."

"म्हणून झाडूखाली लिवलं, तेलात तळून खा?"

"हो ना."

"अन् पापडाखाली, कोपऱ्यातला कचरा साफ निघते?"

"दुरुस्त करून राहिली ना मी!"

"लवकर कर. पुण्याच्या बाईनं झाडू मागवला. आज तिचा फोन आला. तळताना काड्या करपून राहिल्या म्हणे."

"माय वं! मंग तुम्ही काय सांगतलं?"

"आता हातचं गिऱ्हाईक सोडू का? गॅस बारीक ठेवा म्हटलं."